शेऱ्याची ओळ

आमच्या पत्रविभागातल्या प्रिंटरला सगळे मामंजी म्हणायचे. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण जिने ठेवलं तिला सासऱ्यांचा पक्का अनुभव असणार. काम सांगितलं की आधी घसा खाकरायचे, मग जरा वेळ रुसून बसायचे, आणि तुम्ही नाद सोडून खुर्चीतून उठलात की पहिलं पान बाहेर टाकायचे. माझं लग्न झालं नाही. सासर म्हणजे काय असतं ते मला या ऑफिसनेच दाखवलं, आणि एकोणीस वर्षं मी मामंजींची मर्जी सांभाळली.

आमचा दवाखाना डोळ्यांचा. मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्या माणसांना फेरतपासणीची तारीख कळवायची, हे माझं काम. फोन करून भागत नाही, कारण फोन मुलाच्या नाहीतर सुनेच्या हातात असतो आणि निरोप तिथेच जिरतो. म्हणून पत्र. मोठ्या ठसठशीत अक्षरांत, नाव, तारीख, वेळ, आणि ‘येताना हे पत्र सोबत आणावे’. मी जिन्याखालच्या खोलीत बसून पत्रं टाइप करायची. माझ्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि त्या भिंतीवरचा एक नळ. मामंजींचा मुक्काम पलीकडच्या सामानाच्या खोलीत, कारण त्यांच्या आवाजाने अधीक्षकांचं डोकं दुखायचं.

या काळात दोन नवे प्रिंटर आले. पहिला गोरागोमटा, नाजूक, चौदा महिन्यांत गेला. दुसऱ्याची शाईची डबी मिळेनाशी झाली आणि तो धडधाकट असताना माळ्यावर जाऊन बसला. मामंजी मात्र होते तिथे होते. बंद ठेवून सुरू केले की पहिलं पान कोरं. दुपारी उकडायला लागलं की एकाच्या जागी दोन कागद ओढणार. खालचा खण हाताने सरकवला तर ‘कागद नाही’ म्हणून दिवा लावणार, कमरेने धक्का दिला तर मुकाट चालणार. अधीक्षक दर वर्षी म्हणायचे, ‘यंदा याला निरोप देऊ या.’ त्यांच्या आधीचे अधीक्षकही तेच म्हणायचे, आणि निरोप त्यांनाच द्यावा लागला.

मामंजींची सर्वांत मोठी खोड म्हणजे ते शेवटची ओळ गिळायचे. कागद आत आलाय हे त्यांना जरा उशिरा कळायचं, त्यामुळे लिहायला सुरुवातही उशिरा व्हायची. सगळा मजकूर बोटभर खाली सरकायचा आणि अगदी तळाची ओळ कागदाच्या बाहेर पडायची. दवाखान्यात डॉक्टरांना तोटा नाही, म्हणून प्रिंटरच्या मेकॅनिकला आम्ही वैद्य म्हणायचो. वैद्य म्हणाले होते, ‘आतली एक स्प्रिंग सैल झालीय. ती आता बनत नाही. चालवून घ्या.’ आम्ही अकरा वर्षं चालवून घेतलं.

चालवून घेणं सोपं होतं, कारण पत्राच्या तळाला कामाचं काही नव्हतंच. मुख्य कार्यालयाने पाठवलेल्या नमुन्यात तिथे बारीक अक्षरांत एक रकाना होता, ‘शेरा’. कशाचा शेरा, ते कोणाला माहीत नाही. पण तो रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पत्र छापायलाच द्यायचा नाही. मी दोनदा वर लिहून विचारलं. उत्तर आलं, ‘शेरा आवश्यक आहे.’ झालं. एका गठ्ठ्याला एक शेरा टाकायचा, तो सगळ्या पत्रांवर जायचा, मामंजी गिळायचे, आणि छपाई संपली की कॉम्प्युटरवरूनही पुसला जायचा.

सुरुवातीला मी नुसता एक ठिपका द्यायची. मग ‘ठीक’ लिहायला लागले. मग एकदा वैतागून ‘आज फार उकडतंय’ असं लिहिलं आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ‘अधीक्षकांनी तोच विनोद तिसऱ्यांदा सांगितला’. हळूहळू सवय लागली. सकाळी बसमध्येच मी ठरवायची, आज शेऱ्यात काय. कोणी वाचणार नाही, कुठे उरणार नाही, आणि तरी लिहिलं गेलं. मनातलं बोलायला इतकी सोयीची जागा मला दुसरी मिळाली नसती.

घरी ताई होती तोवर शेरे हलकेफुलके असायचे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं, आणि वाढवता वाढवता तिचंही लग्न राहून गेलं. दवाखान्यापासून दोन बस लांब, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहायचो. संध्याकाळी कुलूप काढून मी ‘ताई, आले गं’ म्हणायची, आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, ‘आधी हातपाय धू, मग बोल.’ भांडायचो खूप. दुधावरून, पंख्यावरून, रेडिओ किती मोठा लावायचा त्यावरून. एकदा सहा दिवस अबोला धरला होता, आणि तो चिठ्ठ्या लिहून पाळला.

ताई गेली तेव्हा मी तीन दिवसांची रजा टाकली. अर्जावर कारण लिहिलं, ‘घरगुती काम’. दुसरं काही लिहायला हात धजेना. चौथ्या दिवशी कामावर आले तर मावशी व्हरांड्यातच भेटल्या. मावशी म्हणजे आमच्या टपालाच्या मावशी. पत्रांच्या घड्या घालणं, पाकिटात भरणं, टपालात टाकणं सगळं त्यांच्याकडे. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, ‘ताई काय म्हणतात?’ आणि माझ्या तोंडून नेहमीसारखं निघून गेलं, ‘बरी आहे.’

एवढंच झालं. तेव्हाच थांबून ‘नाही हो मावशी, असं असं झालं’ म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड होतं, आठवड्याने अशक्य झालं, आणि महिन्याने सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. मावशींच्या दारात लिंबाचं झाड आहे. दर सोमवारी त्या चार लिंबं आणायच्या, ‘ताईंच्या सरबताला’. मी ती घेऊन घरी जायची. अधीक्षक म्हणायचे, ‘ताईंना नमस्कार सांगा,’ आणि मी म्हणायची, ‘सांगते.’ असं दोन वर्षं चाललं. खरं सांगायचं तर नंतर नंतर मला ते आवडायलाही लागलं होतं. अख्ख्या जगात एवढी एकच जागा होती जिथे ताई अजून बरी होती.

खरं मी फक्त शेऱ्यात लिहायची.

गेल्या महिन्यात माझी दाढ काढायची होती, म्हणून मी एक दिवस रजेवर होते. नेमके त्याच दिवशी मामंजी पार बसले आणि वैद्यांना बोलावलं गेलं. वैद्यांना कुठल्याशा भंगारात मामंजींचाच एक भाऊ सापडला होता, त्याच्या पोटातली स्प्रिंग त्यांनी काढून जपून ठेवली होती. ती त्यांनी बसवली, झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि निघून गेले. झाकणाच्या आत बघायला कोण जातं?

दुसऱ्या दिवशी मी सुजलेल्या गालाने कामावर आले. सेहेचाळीस पत्रांचा गठ्ठा होता. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘घरी गेल्यावर अजून “ताई, आले गं” म्हणते. ताई जाऊन दोन वर्षं झाली.’ आणि छपाईचं बटण दाबलं. एरवी मी पलीकडे जाऊन पहिलं पान बघते. त्या दिवशी दाढेत कळ येत होती, उठले नाही. एकोणीस वर्षांत ज्या दिवशी अडकायला हवं होतं त्या दिवशी मामंजी एकदाही अडकले नाहीत. सेहेचाळीस पानं एका दमात दिली. मावशींनी ती उचलली, पत्ता वर येईल अशी घडी घातली आणि पाकिटात भरली. मावशी डोळ्यांच्या दवाखान्यात वीस वर्षं काम करतात आणि स्वतःचा चष्मा काही करत नाहीत. मोठ्या अक्षरांतला पत्ता त्यांना कसाबसा दिसतो. चारच्या टपालाने पत्रं गेली.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशी अकराला. एका आजोबांनी आपलं पत्र हरवलं होतं, त्यांच्यासाठी नवीन छापलं आणि आणायला मी स्वतः गेले. पान हातात घेतलं आणि खाली बघितलं. ‘शेरा: दाढेपेक्षा दाढेची जागा जास्त दुखते.’ स्वच्छ, काळंभोर, अक्षर न अक्षर वाचता येईल असं. मी आधी मामंजींकडे बघितलं. मग मला कालचा शेरा आठवला.

ते पान मी फाडलं, शेऱ्यात ठिपका टाकून दुसरं छापलं, आजोबांच्या हातात दिलं, आणि तशीच टपाल कार्यालयात गेले. खिडकीवरचा माणूस जिभेने दात कोरत बसला होता.

‘काल दवाखान्याची सेहेचाळीस पत्रं आलीत. ती परत हवीयत. चूक झालीय,’ मी म्हणाले.

‘गेली ती.’

‘सगळी?’

‘गावातली सकाळीच गेली. बाहेरची असतील दोन-चार आत. पण बाई, शिक्का बसला की पत्र ज्याच्या नावाचं त्याचं. मी तुमच्या हातात देऊ शकत नाही.’

‘माझीच पत्रं आहेत.’

‘तुम्ही लिहिलीत. तुमची नाहीत.’

एवढं कायद्याने बोलायची काही गरज नव्हती. मी त्याला बरंच काही बोलले, आणि ते आठवून मला अजून लाज वाटते.

मग फोन. रजिस्टरमधून नंबर काढले. पहिला लावला, कोणी मुलगा होता. त्याला मी काय सांगणार होते? पत्र येईल, ते वाचा, पण शेवटची ओळ वाचू नका? असं सांगितल्यावर माणूस पहिल्यांदा तीच ओळ वाचतो. ‘पत्र मिळेल, तारीख लक्षात ठेवा’ असं काहीतरी बरळून मी फोन ठेवला. दुसरा लावलाच नाही.

शेवटी वैद्यांना गाठलं. त्यांचं दुकान म्हणजे एका गॅरेजचा कोपरा, चहूकडे पोटं उघडलेले प्रिंटर. म्हणाले, ‘काय बाई, झकास चालतंय ना?’

‘ती स्प्रिंग काढून घ्या,’ मी म्हणाले.

‘का? लागतेय कुठे?’

‘नाही. पण पहिल्यासारखं करून द्या.’

त्यांनी पेचकस खाली ठेवला. ‘पहिल्यासारखं म्हणजे बिघडलेलं?’

‘हो.’

‘बाई, तीस वर्षं या धंद्यात आहे. बिघडवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय.’ मग माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, आवाज खाली आणून म्हणाले, ‘जुनी स्प्रिंग मी फेकून दिली हो. पण म्हातारं यंत्र आहे. थोडी कळ काढा, आपोआप बिघडेल.’

तसं ते बिघडलंही असतं, पण गेलेली पत्रं काही परत येणार नव्हती. फेरतपासणीची तारीख दहा दिवसांवर होती. ते दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अधीक्षकांनी बोलावलं की वाटायचं, आलं. एकदा खरंच बोलावलं, तर त्यांना तोच विनोद सांगायचा होता. चिडून मला बदलीवर पाठवलं असतं, नोकरीवरून काढलं असतं, तरी एक वेळ चाललं असतं. पण ‘ही बाई दोन वर्षं मेलेल्या बहिणीला नमस्कार पोचवत होती’ असं म्हणून कोणी माझ्याकडे बिचारी म्हणून बघितलं, तर मी त्या दवाखान्यात परत पाऊल टाकू शकणार नव्हते. आणि दवाखाना सोडला तर मला जायला दुसरी जागा नव्हती. घरी दोन खाटा होत्या आणि रेडिओ होता, हवा तेवढा मोठा लावायला मोकळा.

सोमवारी मावशींनी लिंबं दिली. ‘ताईंना म्हणावं, यंदा साल पातळ आहे, रस भरपूर.’

‘सांगते,’ मी म्हणाले. मी गालावर हात ठेवून तोंड फिरवलं, मावशींना ती दाढ वाटली.

फेरतपासणीच्या दिवशी मी खालच्या दालनात टेबल मांडून बसते. माणसं एकेक करून येतात, पत्र माझ्याकडे देतात, मी रजिस्टरमध्ये खूण करते आणि बाकावर बसायला सांगते. मग मावशी फाइली घेऊन पाचपाच जणांना आत नेतात. त्या दिवशी मी हाताचे तळवे पुसत बसले होते. पहिले आजोबा आले, पत्र दिलं, बसले. दुसरे आले. मग एक जोडपं. मग एकटी आलेली एक बाई, बरोबर डबा आणि उशी. प्रत्येकाच्या पत्राच्या तळाशी माझी ओळ होती. काही पत्रांची घडीही मोडलेली नव्हती. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. कोणी काही म्हणालं नाही. कोणी माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही.

मला आधी हायसं वाटलं. देव पावला म्हणाले. बारीक अक्षरं ती, या डोळ्यांना कुठली दिसायला? आणि ज्यांना दिसतात त्यांना तारीख कळली की झालं, तळाची ओळ कोण वाचतं? पण चाळिसावं पत्र घेताना माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि भीती कधीच संपली होती. मी वाट बघत होते. चाळीस घरांत माझी गोष्ट जाऊन पडली होती आणि चाळीस घरांतून एक शब्द उलटून आला नव्हता. मामंजी गिळत होते तेव्हा निदान कोणी वाचलं नाही याला कारण तरी होतं. इतकं एकटं मला ताई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

एक्केचाळिसाव्या एक आजी होत्या. बुटक्या, उजव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, हातात पत्र घट्ट धरलेलं. मी हात पुढे केला तर त्यांनी ते मागे घेतलं.

‘आधी मला सांग, हे खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय?’

‘काही नाही आजी. तो शेरा असतो.’

‘शेरा म्हणजे माझ्याबद्दलच ना? सूनबाईने पत्र वाचून दाखवलं. तारीख वाचली, वेळ वाचली, आणि खाली आल्यावर गप्प झाली. म्हणते, तुमच्यासाठी नाहीये ते. मग मुलाला आत नेऊन दाखवलं. दोघं कुजबुजत होते. माझा डोळा जाणार आहे, होय ना? दहा दिवस मला अन्न गोड लागत नाहीये.’

‘छे हो आजी. तुमचा डोळा छान आहे.’

‘मग वाच ना.’

मी पत्र घेतलं, डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, ‘लिहिलंय, प्रकृती उत्तम.’

‘खोटं बोलू नकोस. प्रकृती उत्तम असली तर कोणी आत जाऊन कुजबुजत नाही.’ त्यांचा उघडा डोळा भरून आला होता. ‘मी रडणार नाही. पण मला फसवू नका गं. आता काय, एवढं एकच विचारतेय.’

मागे पाच-सहा जण उभे होते. डाव्या हाताला मावशी फाइली लावत होत्या. मी अजून चार वेळा खोटं बोलू शकले असते, त्यात मी दोन वर्षांत चांगली तयार झाले होते. पण ही म्हातारी घरी जाऊन परत दहा दिवस जेवणार नव्हती, आणि ते माझ्या ओळीमुळे. मी टेबलावर वाकून हळूच वाचलं.

‘काय? मोठ्याने वाच. मला ऐकायलाही कमी येतं.’

मी मोठ्याने वाचलं. ‘घरी गेल्यावर अजून “ताई, आले गं” म्हणते. ताई जाऊन दोन वर्षं झाली.’

आजी विचारात पडल्या. ‘हे काय? हे माझं नाही. माझी ताई तर ठणठणीत आहे.’

‘तुमचं नाही. माझं आहे. चुकून छापलं गेलं.’

‘म्हणजे यात डोळ्याचं काही नाही?’

‘नाही.’

‘अगं बाई!’ आजींनी टेबलावर थाप मारली आणि तोंडभर हसल्या. ‘मग काही नाही म्हणजे! उगाच जीव टांगणीला लावला मेल्यांनी. काही नाहीच मुळी!’

मला काय झालं ते माहीत नाही. राग आला. दोन वर्षांत मला कोणाचा इतका राग आला नव्हता. मी उभी राहिले.

‘काही नाही कसं?’ मी ओरडले. ‘काही नाही कसं? माझी बहीण गेलीय!’

बाकांवरचे सगळे, कोणी एका डोळ्याने, कोणी काळ्या चष्म्यातून, माझ्याकडे वळले. डॉक्टरांच्या खोलीचं दार थोडं उघडलं आणि परत लागलं. मी रडत होते, सुजलेल्या हिरडीत मीठ झोंबत होतं, आणि मला मावशींकडे बघायची हिंमत होत नव्हती.

आजींचं हसू थांबलं होतं. त्यांनी टेबलाला हात टेकला, वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि रजिस्टर ठेवायच्या स्टुलावरून रजिस्टर उचलून स्वतः बसल्या.

‘मोठी की धाकटी?’ त्यांनी विचारलं.

दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. कसं विचारणार, मी कोणाला सांगितलंच नव्हतं. आता विचारलं तर मला उत्तर देता येईना.

‘मोठी,’ मागून मावशी म्हणाल्या. ‘नऊ वर्षांनी.’

त्यांनी फाइली टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तसं बिचारी म्हणून नाही. चांगल्याच चिडल्या होत्या.

‘दोन वर्षं,’ त्या म्हणाल्या. ‘दोन वर्षं मी विचारतेय आणि तुम्ही बरी आहे, बरी आहे म्हणताय. मी तुमची कोणी नव्हते का?’

‘चुकलं माझं,’ मी म्हणाले.

‘ते बघू मग. बसा खाली आधी.’ त्यांनी माझी खुर्ची पुढे ओढली, आणि रांगेत उभ्या असलेल्यांना हातानेच थांबायची खूण केली. ‘आता सांगा. काय झालं होतं ताईंना?’

आजींनी आपला बरा कान माझ्याकडे केला. रांगेतली माणसं एकेक करून बाकांवर टेकली. कोणी कुरकुर केली नाही.

‘सकाळची वेळ होती,’ मी म्हणाले. ‘ती पांघरुणाची घडी घालत होती. मला म्हणाली, एक टोक धर गं. मी आदल्या रात्रीपासून तिच्याशी बोलत नव्हते, म्हणून मी धरलं नाही.’